चोवीसचे वीस: बर्फाच्या कारखान्यातला कोडेक

मिरकरवाडा बंदराजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात सप्टेंबरात मला बोलावलं, ते हिशोब जुळत नाही म्हणून. हिशोब जुळवणं माझं काम नव्हे. मी रत्नागिरीत नेटवर्क, कॅमेरे, फोन असली कामं करतो. पण मॅनेजर काकांचा संशय फोनवर होता. प्लांटवरचा माणूस बोटीवर लाद्या चढल्या की इंटरकॉमवरून आकडा सांगतो आणि गावातल्या ऑफिसात त्यावर बिल होतं. काका म्हणाले, "तो सांगतो चोवीस, आमची पोरगी लिहिते वीस. तो शपथ घेऊन सांगतो चोवीसच बोललो, ती सांगते वीसच ऐकलं. दोघंही खोटं बोलणारी नाहीत. मग चार लाद्या जातात कुठे?"

आणखी कुठले आकडे चुकतात, ते वहीतून काढायला लावलं. बावीस, तेवीस, चोवीस, सगळ्यांचं वीस झालेलं. उलट त्रेपन्नसारखे आकडे बहुतेक बरोबर उतरलेले, कारण तिथे ऐकणारीला शंका येऊन तिने परत विचारलेलं. 'वीस' हा मात्र पूर्ण, धडधाकट आकडा. त्यावर शंका घेणार कोण? आणि प्लांटवरून आलेलं 'हो' तर कितीदा पोचायचंच नाही. "हो म्हटलं रे बाबा, किती वेळा हो म्हणू?" हे वाक्य ऑफिसात रोजचं झालं होतं.

ही वही पाहिली तेव्हाच निम्मं निदान झालं. वाटेत पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून जाणारे आवाजाचे तुकडे, हरवतात तेव्हा आवाज कुठेही तुटतो, शब्दाच्या मध्ये तुटतो, शेवटी तुटतो. इथे कायम सुरुवात जात होती. सुरुवातच नेमकी खाणारी म्हणून पहिला संशय घ्यावा अशी सोय गेटवेत, म्हणजे साधे फोन नेटवर्कला जोडणाऱ्या डब्यात असते, सायलेन्स सप्रेशन: कोणी बोलत नसेल तेव्हा आवाज पाठवायचाच नाही.

मोबाईल असताना हे फोन कशाला, असं बाहेरच्यांना वाटतं. त्यांनी एकदा ॲमोनियाच्या कॉम्प्रेसरशेजारी उभं राहून खिशातला मोबाईल वाजतोय का ते बघावं. शीतगृहाच्या पत्र्याच्या पॅनलमागे रेंज मरते. हात ओले, मिठाचे. तिथे भिंतीवरचा जाडजूड साधा फोन आणि त्याला जोडलेली मोठी घंटा हीच सोय खरी. शिवाय २०२१च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा मोबाईलची काय अवस्था झाली, ते इथल्या कोणाला सांगावं लागत नाही. त्यानंतर मालकांनी ठरवलं की कारखाना आणि ऑफिस यांच्यात आपली स्वतःची फोनची वाट हवी.

मांडणी अशी. कारखान्यात चार पोर्टचा एफएक्सएस गेटवे आहे. त्याच्या एका अंगाला साधे फोन आणि दुसऱ्या अंगाला लॅनची केबल. तारेवरून आलेला आवाज हा डबा आकड्यांत बदलतो, छोट्या पॅकेटांत भरतो आणि ऑफिसातल्या ॲस्टेरिस्कच्या (फोन एक्स्चेंजचं काम करणारं सॉफ्टवेअर) सर्व्हरकडे पाठवतो. कारखाना ते ऑफिस फायबर आहे. तिसरं ठाणं साखरी नाट्याला, खाडीकाठी. तिथे बर्फ ठेवायची शेड, दोन पोर्टचा छोटा ॲडॅप्टर (गेटवेसारखाच डबा) आणि इंटरनेट फोरजी राऊटरवरून. हे सगळं जुलैमध्ये, मासेमारी बंदीच्या काळात बसवलं गेलं. १ जून ते ३१ जुलै बोटी नांगरलेल्या, कॉम्प्रेसर बंद, प्लांटमध्ये शांतता. त्या शांततेत फोन सुरेख चालला असणार, यात मला शंका नाही. नारळी पौर्णिमेनंतर धंदा सुरू झाला, कॉम्प्रेसर धडधडायला लागले आणि वीसचे आकडे वाढले.

कोडेकला, म्हणजे आवाजाचे आकडे बनवण्याच्या पद्धतीला, हात लावायच्या आधी तारा बघितल्या. कोकणात हा नेम सोडू नये. खाऱ्या वाऱ्यात फोनच्या जॅकमधल्या पिना एका पावसात हिरव्या पडतात आणि मग खरखर, एको, आवाज बारीक होणं असल्या तक्रारी येतात, ज्यांचं खापर लोक इंटरनेटवर फोडतात. दोन जॅक कापून नवे लावले. खरखर कमी झाली. चोवीसचे वीस चालूच.

मग ऑफिसच्या स्विचवर एका पोर्टची नक्कल दुसऱ्यावर घेऊन पॅकेटं उघडून दाखवणारा वायरशार्क लावला आणि प्लांटवरच्या दादांना सांगितलं, एकवीसपासून तीसपर्यंत हळूहळू मोजा. आवाजाच्या प्रत्येक पॅकेटवर दोन गोष्टी लिहिलेल्या असतात, त्याचा अनुक्रमांक आणि वेळेचा शिक्का. पॅकेट वाटेत हरवलं असेल तर अनुक्रमांकात खड्डा दिसतो. इथे अनुक्रमांक सलग होते, पण वेळेच्या शिक्क्याने मध्येच उड्या मारलेल्या. म्हणजे काही हरवलेलं नाही; गेटवेने ती पॅकेटं पाठवलीच नाहीत. 'चो' उच्चारला जात असताना डब्याच्या मते कोणी बोलतच नव्हतं.

सायलेन्स सप्रेशनचा हेतू वाईट नाही. दोन माणसं बोलतात तेव्हा साधारण एक बोलतो, दुसरा ऐकतो. ऐकणाऱ्याच्या बाजूची शांतता कशाला पाठवायची? म्हणून गेटवे आवाजाची पातळी मोजत बसतो. मागचा आवाज किती, त्यावर बोलणं किती वर आलं, याचा अंदाज घेतो, आणि बोलणं सुरू झालंसं वाटलं की दार उघडतो. पलीकडच्या टोकाला अगदी मुकं वाटू नये म्हणून तिथला डबा स्वतःच थोडी सळसळ निर्माण करतो. शांत ऑफिसात हे जमतं. कॉम्प्रेसरच्या शेजारी मागचा आवाजच इतका चढलेला असतो की माणूस त्याच्यावर जेमतेम डोकं काढतो. 'चो' मधला 'च' मुळात हलका, 'हो' मधला 'ह' तर नुसता श्वास. दार उघडेपर्यंत ते निघून गेलेले असतात. आणि आपल्या आकड्यांत एककं आधी येतात, दहाई मागून. त्यामुळे जे कापलं जायचं ते नेमकं पैशाचं असायचं.

त्यात ॲस्टेरिस्कला ही दार उघड-बंद करण्याची पद्धत मुळात मानवत नाही. जुळवून घेण्यापेक्षा बंद करणं हाच सरळ मार्ग. गेटवेच्या वेब पानावर प्रत्येक पोर्टसाठी ती ओळ वेगळी असते, म्हणून चारही पोर्टवर जाऊन 'नाही' केलं, सेव्ह केलं, डबा रीबूट केला. असल्या कित्येक डब्यांत सेव्ह केलेली गोष्ट रीबूटनंतरच खरी होते, हे लक्षात ठेवलेलं बरं.

दादांनी पुन्हा मोजलं. सुधारलं, पण पूर्ण नाही. यात कारखाना ते ऑफिस दिशा बरीच ठीक झाली, पण कधीमधी एखादा कॉल जुन्या चालीवर जायचा. कारण कोडेकच्या नावात लपलेलं होतं. पहिल्या पसंतीला जी.७२९ ठेवलेला. या कोडेकला 'ब' पुरवणी आहे, ॲनेक्स बी, आणि ती म्हणजेच हे शांतता गाळणं. कॉल जोडताना दोन्ही टोकं एकमेकांना आपापले कोडेक कळवतात, त्यात 'ॲनेक्स बी नको' अशी ओळ स्पष्ट लिहिली नसेल तर नियमानुसार 'चालेल' असं धरलं जातं. सर्व्हरकडून ती ओळ जात नव्हती. काही कॉलवर ऑफिसातला टेबलफोन आणि गेटवे थेट बोलायचे, आणि टेबलफोनवर शांतता गाळणं चालूच. प्रत्येक दिशेचं गाळणं त्या त्या पाठवणाऱ्याच्या हातात असतं, त्यामुळे एका टोकाला बंद केलं म्हणून भागत नाही.

इथे मी जी.७२९ मधली ती ओळ दुरुस्त करण्यापेक्षा कारखान्यातून जी.७२९च काढून टाकायचं ठरवलं. त्याला दुसरंही कारण होतं, आणि मला तेच मोठं वाटतं.

जी.७२९ हा १९९६चा कोडेक. सेकंदाला फक्त आठ किलोबिट. इतकं दाबायचं तर आवाज जसा आहे तसा पाठवता येत नाही. माणसाचा गळा, त्यातून निघणारी कंपनं, तोंडाची पोकळी असं सगळं गृहीत धरून, त्या गळ्याने आत्ता काय केलं याचं वर्णन पाठवायचं. पलीकडे त्या वर्णनावरून आवाज पुन्हा घडवायचा. एक माणूस, शांत खोली, तर कमाल चालतो. पण कॉम्प्रेसरला गळा नसतो. त्याची धडधड आणि माणसाचं बोलणं एकत्र आलं की कोडेक दोन्हींचं मिळून एकच वर्णन करायला जातो आणि पलीकडे पाण्यात बुडबुडे सुटल्यासारखं काहीतरी ऐकू येतं. ऑफिसातली मुलगी म्हणाली होती, "दादा बोलतायत असं वाटतच नाही, कोणीतरी टाकीतून बोलतंय." कोडेकच्या तक्त्यांत जी.७११ ला साधारण ४.१ आणि जी.७२९ ला साधारण ३.९ असे पाचपैकी गुण छापलेले असतात. ते वाचून फरक किरकोळ वाटतो, पण ते गुण ॲमोनियाच्या कॉम्प्रेसरशेजारी बसून दिलेले नसतात.

जी.७११ त्या मानाने मठ्ठ, आणि इथे मठ्ठपणाच कामाचा. १९७२चं प्रमाण आहे. सेकंदाला आठ हजार वेळा आवाजाची उंची मोजायची, प्रत्येक मापाला आठ बिट, झाले चौसष्ट किलोबिट. बोलणं आहे की यंत्र, त्याला देणंघेणं नाही. आवाज गोंगाटाचा असेल तर गोंगाटासकट पोचवतो, आणि माणसाचा कान गोंगाटातून शब्द वेचण्यात कुठल्याही डब्यापेक्षा हुशार असतो.

"पण मग नेट जास्त लागेल ना?" हा प्रश्न काकांनी विचारला, आणि तो विचारायलाच हवा. आधीच्या माणसाने जी.७२९ त्यासाठीच लावला होता. हिशोब मांडून दाखवला. आवाज वीस मिलिसेकंदांच्या तुकड्यांत जातो, म्हणजे सेकंदाला पन्नास पॅकेटं. जी.७११ चा तुकडा १६० बाइटचा. त्यावर पत्त्याची वेष्टनं, आयपीची २०, यूडीपीची ८ आणि आरटीपीची १२, अशी ४० बाइट. एकूण २०० बाइट, पन्नासदा, म्हणजे एका दिशेला ८० किलोबिट. जी.७२९ चा तुकडा अवघा २० बाइटचा, वेष्टन तेच ४०. म्हणजे २४ किलोबिट. काकांना यातलं एवढंच पटकन कळलं की खोक्यात मासळीपेक्षा बर्फाचं वजन दुप्पट आहे. चार फोन एकदम चालले तरी जी.७११ वर ३२० किलोबिट. फायबरवर एवढी जागा वाचवून करायचं काय?

म्हणून कारखान्याच्या चारही पोर्टवर पसंतीच्या यादीत पहिला जी.७११ ए-लॉ, दुसरा जी.७११ म्यू-लॉ (मापं आठ बिटांत बसवायच्या दोन रीती) आणि बाकीच्या जागांवरही तेच दोन आलटून पालटून. या डब्यात रिकामी जागा ठेवता येत नाही, काहीतरी निवडावंच लागतं, म्हणून ही युक्ती. डबा बनवणाऱ्या कंपनीकडून येतो तेव्हा म्यू-लॉ पहिला असतो, कारण तो उत्तर अमेरिका आणि जपानचा रिवाज. भारताचं टेलिफोनचं जाळं ए-लॉवर. आतल्या आत बोलायला दोन्ही चालतात, पण बाहेरचे कॉल देणाऱ्या कंपनीचं ट्रंक, म्हणजे त्यांची जोडणी, ए-लॉ मागतं, आणि मग सर्व्हरला प्रत्येक कॉलमध्ये उगाच भाषांतर करत बसावं लागतं. सर्व्हरवरही आधी 'सगळे नाकारा' आणि मग 'ए-लॉ स्वीकारा' अशा दोन ओळी त्या फोनांपुढे लिहिल्या. यादी दोन्हीकडे सारखी असली की कुरबुरी संपतात. नाहीतर असंही होतं की एक टोक एका कोडेकमध्ये पाठवतंय, दुसरं टोक दुसऱ्यात, दोघंही नियमात, आणि ऐकणारा मात्र हैराण. उत्तरात आलेला पहिला जुळणारा कोडेक वापरायचा, असा एक पर्याय गेटवेत होता, तोही चालू केला.

दादांनी कॉम्प्रेसर चालू ठेवूनच मोजलं. एकवीस, बावीस, तेवीस, चोवीस. मागे धडधड पूर्वीपेक्षा जास्त ऐकू येत होती, आणि आकडे एकूण एक स्वच्छ. काका म्हणाले, "आवाज वाढलाय की." वाढला नव्हता. आधी डबा तो लपवत होता.

ती धडधड कमी करायला मग कोडेकबाहेरचे उपाय. पाठवण्याचा गेन, म्हणजे आवाज मोठा करण्याचं प्रमाण, आधी कोणीतरी वर चढवलेला होता, ऐकू जात नाही म्हणून. गेन माणूस आणि मशीन दोघांना सारखाच मोठा करतो. तो शून्यावर आणला. फोन कॉम्प्रेसरच्या भिंतीवरून काढून पलीकडच्या, लाद्या सरकवायच्या बाजूच्या खांबावर घेतला. खरं सांगायचं तर सगळ्या सेटिंगांनी मिळून केलं नसेल तेवढं या चार पावलांच्या स्थलांतराने केलं. पण तेवढ्याने चोवीसचे वीस थांबले नसते, कारण धक्क्याकडच्या त्या बाजूलाही बर्फ फोडायचा क्रशर आहेच.

नाट्याचं प्रकरण वेगळं निघालं.

तिथे फोरजी. दुपारी उत्तम, संध्याकाळी बोटी लागल्या की बंदरावरचे सगळे एकदम फोनवर. सौद्याचे फोन, मासळीचे व्हिडिओ, घरी कॉल. अपलोडचा वेग अशा वेळी कधी कधी दोनशे किलोबिटच्याही खाली जायचा. त्यात मोबाईल कंपनीच्या जाळ्याआड असल्यामुळे नाट्याच्या राऊटरला बाहेरून थेट गाठता येत नाही, म्हणून तिथून ऑफिसपर्यंत वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा, म्हणजे इंटरनेटवरूनच आपली खासगी वाट, टाकलेला. बोगदा सुरक्षित, पण प्रत्येक पॅकेटवर आणखी एक वेष्टन चढवतो, ६० बाइटचं, वर आतलं पॅकेट सोळाच्या पटीत फुगवतो. मग मघाचा हिशोब पालटतो. जी.७११ चं पॅकेट २०० चं २०८ होऊन वर ६०, म्हणजे एका कॉलला १०७ किलोबिट. दोन्ही फोन चालू असतील तर दोनशेच्या वर. जी.७११ इथे बाद.

जी.७२९ वीस मिलिसेकंदांवर, ६० चं ६४ होऊन वर ६०, जवळपास ५० किलोबिट. आठ किलोबिटचा कोडेक आणि रस्त्यावर पन्नास! आता आयएलबीसी नावाचा तिसरा कोडेक घेतला, तीस मिलिसेकंदांच्या चालीवर. कोडेक स्वतः १३.३३ किलोबिटचा, म्हणजे जी.७२९ पेक्षा जड. तुकडा ५० बाइटचा, पण सेकंदाला पॅकेटं पन्नासऐवजी तेहतीस. वेष्टनं कमी वेळा लागतात. सगळं धरून ४२ च्या आत. जड कोडेक हलका पडला. जी.७२९ लाही तीस मिलिसेकंदांवर नेता येतं आणि तेव्हा तो ३७ च्या आसपास उतरतो, म्हणजे खरा सामना चार-पाच किलोबिटचा. तेवढ्यासाठी मी जी.७२९ घेतला नसता, कारण फोरजीवर पॅकेटं हरवणारच, आणि हरवल्यावर दोघं वागतात कसे ते महत्त्वाचं.

जी.७२९ प्रत्येक तुकड्याचं वर्णन मागच्या तुकड्याच्या आधाराने करतो. एक हरवला की पुढचे काही तुकडे चुकीच्या आधारावर उभे राहतात आणि सूर सावरायला वेळ लागतो. आयएलबीसीचा प्रत्येक तुकडा स्वतःपुरता पूर्ण असतो. तो बेभरवशाच्या इंटरनेटसाठीच बेतलेला आहे, २००४च्या आरएफसी ३९५१ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात त्याची व्याख्या आहे. हरवला तर तेवढाच हरवतो. नाट्याच्या शेडमध्ये कॉम्प्रेसर नाही, म्हणून गोंगाटाचा प्रश्नही नव्हता.

लावला आणि शेडवरच्या चाचांनी नाट्याहून पहिलाच फोन केला तो घशात पाणी घेऊन गुळण्या केल्यासारखा. आयएलबीसीच्या दोन चाली आहेत, वीसची आणि तीसची, आणि ॲडॅप्टर वीसवर होता, सर्व्हर तीसवर. दोन्ही तीसवर आणल्यावर माणसाचा आवाज आला. तरी तुटकपणा जास्त वाटत होता. पॅकेटं बघितली तर सेकंदाला तेहतीस नाहीत, जेमतेम सोळा-सतरा. 'व्हॉइस फ्रेम्स पर टीएक्स' नावाचा आकडा, म्हणजे एका पॅकेटात कोडेकचे किती तुकडे (फ्रेम) भरायचे तो, दोनवर होता. जी.७२९ साठी ते बरोबर असतं, कारण त्याची फ्रेम दहा मिलिसेकंदांची, दोन म्हणजे वीस. आयएलबीसीची फ्रेम तीसची, दोन म्हणजे साठ. एक पॅकेट गेलं की साठ मिलिसेकंद बोलणं गेलं, म्हणजे 'चो' अख्खा. तो आकडा एकवर आणला. कोडेक बदलला की हा आकडा आपोआप बदलेल असं समजू नये, तो ज्याचा तिथेच बसून राहतो.

सायलेन्स सप्रेशन अर्थात इथेही बंद. जिटर बफर ॲडॅप्टिव्ह ठेवून लांबी 'हाय' केली. पॅकेटं फोरजीवर घोळक्याने येतात, एकदम चार, मग थांबा, मग पुन्हा तीन. बफर त्यांना थोडं थोपवून एका चालीत सोडतो. त्याची किंमत म्हणजे उशीर. एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा असं आयटीयूचं (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचं) जी.११४ हे प्रमाण सांगतं, आणि संध्याकाळी आम्ही त्याच्या बाहेर जात असणार. तक्रार कोणाकडून आली? ऑफिसमधून. "मी बोलते आणि तेही त्याच वेळी बोलतात." नाट्याच्या बाजूने एक अवाक्षर नाही. चाचांची उभी हयात बोटीवरच्या वायरलेस सेटवर गेली. समोरच्याचं संपू द्यायचं, मग आपण बोलायचं, ही सवय हाडात. त्यांनी उलट मला विचारलं, "त्या पोरीला दम नाही काय?"

नाट्याला संध्याकाळच्या तुटकपणाचा आणखी एक भागीदार सापडला. शेडवरचे कॅमेरे त्याच राऊटरवरून क्लाउडला चित्रं चढवत बसायचे. अपलोडची बहुतेक जागा त्यांनीच खाल्लेली. फोनच्या पॅकेटांवर डीएससीपी ४६ चा, म्हणजे 'याला आधी सोडा' असा, शिक्का होता, पण बोगद्यात शिरल्यावर राऊटरला तो दिसतोच असं नाही, म्हणून बोगद्याच्या पोर्टलाच राऊटरमध्ये पहिला मान दिला आणि कॅमेऱ्यांच्या चढणीला मर्यादा घातली. मालकांनी थोडी कुरकुर केली, चित्र खराब दिसतं म्हणून. मी म्हटलं, भाऊ, चित्र रेकॉर्डरमध्ये पूर्ण आहे, मोबाईलवर फक्त बारीक दिसेल.

बटणांचं राहिलंच. एक्स्टेंशन दाबताना जे सूर निघतात ते आवाजातूनच पाठवले तर दाबणारे कोडेक त्यांचा चुराडा करतात. गळ्याचं वर्णन करणाऱ्याला दोन शुद्ध सुरांचं वर्णन जमत नाही. ते आरएफसी २८३३ पद्धतीने, वेगळ्या पॅकेटात आकडा म्हणूनच जातील असं सगळीकडे केलं. त्यात सांगण्यासारखं काही घडलं नाही.

जाता जाता काकांनी सुचवलं, की कारखान्याची जुनी लँडलाईन पण याला जोडून टाका, म्हणजे नाट्यातून मुंबईला फोन लावता येईल. असा डबा बाजारात मिळतो आणि तार जोडायला पाच मिनिटं पुरतात. पण आपलं खासगी इंटरनेटवरचं जाळं आणि सार्वजनिक टेलिफोन असे परस्पर जोडून कॉल वळवणं आपल्याकडे नियमात बसत नाही. बाहेरचे कॉल लायसन्स असलेल्या कंपनीच्या ट्रंकवरूनच, आणि ते ऑफिसात. काकांना हे पटलं नाही, पण मालकांना पटलं.

शेवटी तपासणीची पद्धत ठरवून दिली, कारण 'हॅलो, ऐकू येतंय का' ही तपासणीच नव्हे. 'हॅलो' काहीही करून पोचतो. दोन्ही कॉम्प्रेसर आणि क्रशर चालू असताना, संध्याकाळी, दादांनी आकडे उलटसुलट वाचायचे आणि ऑफिसात ते लिहायचे. यादी मी करून दिली. तेवीस, चोवीस आणि वीस. एकोणसाठ आणि एकोणसत्तर. सदतीस आणि सदुसष्ट. मध्ये मध्ये नुसतं 'हो' आणि 'नको'. सुरुवात खाल्ली जात असेल तर वीसच्या जोड्या सांगतात, शेवट जात असेल तर एकोणसाठच्या. पहिल्याच दिवशी यादी बरोबर आली, फक्त एका ठिकाणी सदुसष्टचं सदतीस झालं होतं. पॅकेटं तपासली, ती शाबूत. दादांना विचारलं तर ते म्हणाले, "माझा चष्मा ऑफिसात राहिलाय."

गेटवेची आणि ॲडॅप्टरची पूर्ण सेटिंग फाईल उतरवून ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ठेवली आहे. फर्मवेअर बदललं किंवा विजेच्या झटक्याने डबा कोऱ्या अवस्थेत गेला की म्यू-लॉ पुन्हा पहिला येतो आणि बाकीचंही बनवणाऱ्या कंपनीतून निघताना होतं तसं होतं. पुढच्या हंगामाआधी नाट्याला ओपस हा आणखी एक कोडेक लावून बघायचा आहे. हरवलेल्या पॅकेटाची थोडी भरपाई तो पुढच्या पॅकेटातून करतो आणि नेटच्या अवस्थेप्रमाणे ६ किलोबिटपासून वर हवा तेवढा ताणता येतो. अडचण एवढीच की तिथला छोटा ॲडॅप्टर ओपसवर दोन्ही फोन एकदम पेलेल का, ते त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेलं नाही. जुन्या दोन पोर्टच्या काही ॲडॅप्टरमध्ये जी.७२९ चा एका वेळी एकच कॉल चालायचा, दुसरा आपोआप जी.७११ वर जायचा. नाट्याला तसं झालं तर दुसरा फोन उचलल्याबरोबर पहिला तुटायला लागेल. त्यामुळे ती चाचणी बंदीच्या शांततेत नाही, मे महिन्यातल्या एखाद्या संध्याकाळी, बोटी लागल्यावर करायची, असं चाचांना सांगून ठेवलंय. ते म्हणाले, "ये, पण आठच्या आत ये. आठनंतर मी फोन उचलत नाही."